एकाच माणसाची एक्केचाळीस कार्डं

माझ्या बाबांचा एकही धड फोटो नाही. कॅमेरा समोर आला की त्यांचे डोळे मिटायचे. मुद्दाम नाही, क्लिक होण्याच्या नेमक्या क्षणी पापण्या खाली यायच्या. मग सगळे हसायचे, तेही हसायचे, आणि रोल वाया जायला नको म्हणून दुसरा फोटो कोणी काढायचं नाही. लग्नाच्या अल्बममध्ये, माझ्या मुंजीत, फ्लॅटच्या वास्तुशांतीला, सगळीकडे ते उभ्या उभ्या झोपल्यासारखे दिसतात. पुण्यात टेलिफोन खात्यात ते केबल जॉइंटर होते. निवृत्तीच्या दिवशीच्या ग्रुप फोटोत एकदाच डोळे उघडे आले, पण ते मागच्या रांगेत आणि चेहरा हरभऱ्याएवढा. ते गेल्यावर चुलतभावाने तोच चेहरा मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर डोळे नीट केले, ओठांवर थोडं हसू ठेवलं. हार घातलेली ती फ्रेम बघून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की हे कोण?

त्यांना शेवटचं बघणं मला जमलं नाही. रॉटरडॅमच्या ऑफिसात दुपारच्या मीटिंगमध्ये होतो तेव्हा आईचा फोन आला. संध्याकाळचं विमान मिळालं, तरी पुण्याला पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होणार होती. चुलतभाऊ म्हणाला, शवागारात ठेवता येईल, तू ये. आई म्हणाली, "नको. त्यांना गार सहन होत नाही." मी विमानात असतानाच सगळं उरकलं. घरी पोचलो तर कोपऱ्यात दिवा लावलेला होता आणि त्यांची खाट उभी करून भिंतीला टेकवून ठेवली होती. आईने मला पाणी दिलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभराने, एका शनिवारी, बायको आणि मी पुस्तकांचं कपाट शोधायला शेजारच्या कापेल गावातल्या क्रिंगलोपमध्ये गेलो. क्रिंगलोप म्हणजे लोकांनी देऊन टाकलेल्या वस्तूंचं दुकान. आम्ही राहतो तिथून सायकलवर दहा मिनिटं. कपाट मिळालं नाही. काचेच्या भांड्यांच्या फळीवर एक पत्र्याचा बिस्किटांचा डबा होता आणि त्यात जुनी अमेरिकन बेसबॉलची कार्डं होती, शंभर-सव्वाशे. काउंटरवरची बाई म्हणाली, बंदरात काम करणाऱ्या कोणाच्या तरी घरातून आलीत, पूर्वी अमेरिकन बोटींवरचे खलाशी असलं काही देऊन जायचे. एकूण भाव इतका कमी होता, की कार्डांपेक्षा डब्याचेच पैसे घेतायत असं वाटावं. मी घेतला.

लहानपणी आम्ही च्युइंगमबरोबर मिळणारी क्रिकेटची कार्डं जमवायचो, तेवढीच माझी या विषयातली तयारी. बेसबॉल मला कळत नव्हता, अजूनही फारसा कळत नाही. पण ही कार्डं हातात धरायला चांगली होती. तळहाताएवढी, जाड, पुढे रंगीत फोटो, मागे करडा पुठ्ठा. काहींवर च्युइंगमच्या पट्टीचा तेलकट डाग तसाच होता. आणि मागचा मजकूर वाचायला मला आवडायचं. साठ वर्षांपूर्वी या खेळाडूंना वर्षभर पुरेल एवढा पगार नसायचा, त्यामुळे हिवाळ्यात ते दुसरं काहीतरी करायचे आणि ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असायचं, बरोबर एखादं छोटं व्यंगचित्र. एक विमा विकायचा. एक डुकरं पाळायचा. एक त्याच्या सासऱ्याच्या अंत्यविधीच्या दुकानात शवपेट्या घासायचा. मोठे, नावाजलेले खेळाडू मला नकोच होते. ते महागही असतात आणि त्यांच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. मला आवडायचे ते हे, दोन मोसम खेळून नाहीसे झालेले.

रॉटरडॅममध्ये महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या जिममध्ये जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा बाजार भरतो. नाणी, तिकिटं, सिगारवरच्या पट्ट्या, काड्यापेट्यांची लेबलं. तिथे बेसबॉल कार्डांचं एकच टेबल असायचं, सत्तरी ओलांडलेल्या एका डच माणसाचं. तो तरुणपणी इथल्याच क्लबमध्ये बेसबॉल खेळलेला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, चेंडू पकडून पकडून झालेली. टेबलावर काचेखाली चांगली कार्डं आणि टेबलाखाली एक लांब खोका. "हा नकोशांचा खोका," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "यातलं काहीही घ्या, एकच भाव."

त्या खोक्यात मला बाबा सापडले.

असं लिहू नये हे मला कळतं. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते तसंच होतं. कार्ड साठच्या दशकातलं, कोपरे झिजून गोल झालेले. टोपी घातलेला एक माणूस, काखेत कॅचरचा, म्हणजे बेसबॉलमधल्या यष्टिरक्षकाचा, जाळीचा मुखवटा, थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. तेच थोडे बाहेर आलेले कान. तेच कपाळ. वरचा ओठ तसाच दाबून धरलेला. मी भलत्या वेळी फोन केला की बाबा "बोल" म्हणायचे ना, तेव्हा त्यांचा चेहरा असाच होत असणार. आणि डोळे उघडे. स्वच्छ, पूर्ण उघडे, माझ्याकडे लावलेले.

मी कार्ड उलटलं. मागच्या व्यंगचित्रात एक माणूस पाठीला बॅट बांधून खांबावर चढत होता. खाली लिहिलं होतं, की हिवाळ्यात हा टेलिफोन कंपनीत काम करतो.

जिममध्ये लोक बोलत होते, कुठेतरी कॉफीचे कप वाजत होते, आणि मी कार्ड पुन्हा सुलटं केलं. योगायोग असतात हे मलाही माहीत आहे, दिवसभर मी डेटाच बघतो. तरीसुद्धा मी ते कार्ड पुन्हा खोक्यात ठेवू शकत नव्हतो.

पुढच्या महिन्यात त्याच खोक्यात त्याच कार्डाची दुसरी प्रत निघाली. मी ती बघितली आणि ठेवून दिली. एक आहे घरी, कशाला हवी दुसरी. बाहेर पडून मेट्रोत बसलो. एक स्टेशन गेलं. माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं, की तो तिथे पडला आहे, नकोशांमध्ये, आणि मी निघून आलो. दुसऱ्या स्टेशनला उतरलो, उलट गाडी पकडली आणि परत गेलो. म्हातारा आवराआवर करत होता. त्याने खोका पुढे केला.

तिथून ते सुरू झालं. नेटवर शोधलं तर ते कार्ड शेकड्यांनी उपलब्ध होतं, कारण ते कोणालाच नको होतं. अमेरिकेतून पातळ पाकिटं यायला लागली. प्रत्येक प्रतीवर तोच माणूस, पण प्रत्येकाचं वेगळं काही झालेलं. एकाला कुठल्याशा मुलाने बॉलपेनने मिशी काढली होती. एक सायकलच्या चाकात आवाजासाठी अडकवलं गेलं असावं, कडेला चिमट्याचा खोल वळ होता. एक पाण्यात भिजून फुगलेलं. एक वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं, त्याच्या चेहऱ्याचा रंग उडून पिवळट झाला होता. ते पाकीट उघडलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. शेवटच्या महिन्यांत बाबांना कावीळ झाली होती. व्हिडिओ कॉलवर ते नेहमी दिव्याकडे पाठ करून बसायचे आणि मला रंग कळायचा नाही.

रविवारी दुपारी बायको आणि मुलगी पोहायला गेल्या की मी कार्डं आमच्या कामाच्या खोलीत टेबलावर मांडायचो. सगळ्यात टवटवीत डावीकडे, सगळ्यात फिकट उजवीकडे. तरुण माणूस हळूहळू म्हातारा होत जातो तशी ती रांग दिसायची. मी अकरा वर्षं इथे आहे. बाबांचं म्हातारपण मी सुट्ट्यांच्या तुकड्यांत बघितलं होतं. मधलं सगळं आता टेबलावर बघत होतो. शेवटच्या कार्डावर टोपी आणि कान एवढंच उरलं होतं.

बायकोने एकदा विचारलं, "किती झाली रे ही?"

"अडतीस."

"एकाच माणसाची?"

मी तिला सांगितलं होतं, साम्य दाखवलं होतं, तेव्हा मुलगीही शेजारीच होती. तिने बाबांना सहा वर्षं बघितलेलं. ती पहिल्यांदा म्हणाली होती, "हो, कानांत वाटतं थोडं." आता ती म्हणाली, "मला त्या खोलीत बसून काम करता येत नाही. पाठ केली तरी तो बघतोय असं वाटतं." आणि तिने आपला लॅपटॉप स्वयंपाकघरात हलवला. मी तिला थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, खोली आमच्या दोघांची झाली. दोघांची म्हणजे माझी आणि कोणाची, याचा मी विचार केला नाही.

आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. बाबा गेले तेव्हा ती तीन वर्षांची. तिला त्यांचं काहीच आठवत नाही. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. शाळेत प्रत्येक मुलाला वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर दहा मिनिटं बोलावं लागतं. तिने विषय कोणता घेतला हे मी विचारलंही नाही; तिची तयारी तिची आईच करून घेते, पण त्या आठवड्यात बायको कामासाठी न्यूनेन गावी तिच्या कंपनीच्या दुसऱ्या ऑफिसात होती. तिच्या भाषणाच्या दिवशी मुलीला आणायला गेलो तर फाटकाशी तिच्या बाई भेटल्या. चेहरा खुललेला.

"किती छान बोलली ती! आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तुमचे वडील अमेरिकेत बेसबॉल खेळायचे?"

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड होतं, आणि एक चित्र. चित्रात टोपी घातलेला माणूस, मोठे कान, खांबावर चढलेला. वर डचमध्ये लिहिलं होतं, माझे आजोबा.

खुलासा करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, "हो."

बाई म्हणाल्या, "केवढा अभिमान वाटत असेल."

"हो," मी पुन्हा म्हणालो.

घरी येताना मुलगी सायकलवर माझ्या पुढे होती आणि मोठमोठ्याने बडबडत होती. मी मागून येत होतो आणि माझ्या लक्षात आलं, की मला बाबांचा चेहरा आठवायचा असेल तर आता आधी टोपी येते. बाबांनी आयुष्यात कधी टोपी घातली नव्हती. उन्हात खांबावरसुद्धा नाही. डोक्याला रुमाल बांधायचे. मी टोपी काढून बघायचा प्रयत्न केला. टोपीखाली काही नव्हतं.

मुलीला मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढे बरेच दिवसही नाही.

मे महिन्यात आई तीन महिन्यांसाठी आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ती अंघोळ करून देवापाशी बसली होती, तेव्हा मुलगी कार्ड घेऊन तिच्याकडे धावली. "आजी, केक! ओपा!" डचमध्ये म्हणजे, बघ, आजोबा.

आईने चष्मा नाकावर सरकवला. "हा कोण गं?"

"आबा," मुलगी मराठीत म्हणाली, आजीला कळावं म्हणून.

आईने माझ्याकडे बघितलं. मी दारात चहाचा कप घेऊन उभा होतो. मी म्हणालो, "दिसतात की नाही अगदी तसे? कपाळ बघ. आणि डोळे."

"डोळे?" आई म्हणाली. "अरे, ह्याचे डोळे घारे आहेत. ह्यांचे काळेभोर होते."

मी कप खाली ठेवला. इतक्या प्रतींत, इतक्या दुपारी मी ते डोळे बघितले होते. घारे आहेत हे मला दिसत होतं. बाबांचे तसे नव्हते, हे मला माहीत नव्हतं.

"आणि भुवई कुठे आहे?" आई पुढे म्हणाली. "डाव्या भुवईत खाच होती त्यांना, तार सुटून लागलेली. तू दुसरीत होतास. दवाखान्यात तूच रडत होतास, ते नाही."

मला दवाखाना आठवला, डेटॉलचा वास आठवला. खाच आठवली नाही.

आई चिडली नाही. तिने विचारलं, असे अजून किती आहेत, आणि मी डबा आणून तिच्यापुढे ठेवला. तोपर्यंत एक्केचाळीस झाली होती. तिने सगळी एकेक करून बघितली, मिशीवालं, भिजलेलं, पिवळं पडलेलं, जसं लग्नात आलेले आहेर बघतात तसं नीट, आणि झाकण लावलं. एवढंच म्हणाली, "एवढी माणसं घरात आणून बसवलीस."

मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी मी ऑफिसातून लवकर आलो तर घरात कोणी बोलत नव्हतं. आई माझ्या खोलीत, खिडकीपाशी बसलेली. चष्मा मांडीवर. हातात एक कार्ड, हात लांब करून धरलेला. ती त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होती आणि मी आलो हे तिला कळलंच नाही.

"आई?"

ती दचकली नाही. कार्डावरची नजर न काढता म्हणाली, "चष्म्याशिवाय बघितलं की वाटतात रे."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. बाहेर शेजाऱ्यांची मुलं कालव्याच्या कडेला ओरडत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग चष्मा लावला, कार्ड उलटं करून टेबलावर ठेवलं आणि पदराने हात पुसले.

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "घरातून काढ हे. मला तीन दिवस झाले येऊन, आणि काल मला ते टोपीत दिसले."

त्या रविवारी मी डबा घेऊन जिममध्ये गेलो. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. माझं डच मोडकं आहे, मधेमधे इंग्रजी घातलं, पण त्याने एकदाही मधे तोडलं नाही. मी थांबल्यावर तो म्हणाला, "हा माणूस कोण होता माहीत आहे? संघातला तिसरा यष्टिरक्षक. पहिल्या दोघांना काही झालं तरच याची पाळी. मीही एक वर्ष होतो तसा. सगळं अंगावर चढवून बसायचं, पूर्ण सामना. कोणी बोलावत नाही. पण उठून जाता येत नाही." त्याने कार्डं हातात घेऊन वाकड्या बोटांनी त्यांचे छोटे छोटे गठ्ठे केले. "सगळी एका खोक्यात ठेवत नाही," तो म्हणाला. "उगाच दुसऱ्या कोणाला एवढी एकदम सापडायला नकोत."

मुलीला मी त्याच संध्याकाळी जेवायच्या टेबलावर सांगितलं, की कार्डावरचे ते आबा नव्हते, मी चुकलो, आणि शाळेत बाईंना मी खोटं सांगितलं. तिने चमचा खाली ठेवला. मग डचमध्ये म्हणाली, "मग माझा ओपा कोण?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो बरोबर होता. तिच्याकडे एक आजोबा होता, वर्गासमोर दाखवता येण्यासारखा, आणि मी तो काढून घेत होतो.

उत्तर आईने दिलं. तिने मुलीला जवळ ओढलं, तिचं बोट धरलं आणि स्वतःच्या डाव्या भुवईवर ठेवलं. "इथे खाच होती. एवढीशी. आणि दात, हा बघ हा, थोडा मागे. उन्हातून आले की मान अशी लाल व्हायची." मुलगी डचमध्ये काहीतरी विचारत होती, आई मराठीत पुढे सांगत होती, दोघींना एकमेकींचं किती कळत होतं देव जाणे. बायको भांडी उचलायची थांबली. मी ऐकत होतो, परक्या माणसाची माहिती ऐकावी तसा.

सोमवारी मी शाळेत जाऊन बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." आणि थोड्या वेळाने, माझ्या दंडाला हात लावून, "तुम्ही बरे आहात ना?" मी हो म्हणालो. तेवढ्यापुरतं ते खरंही होतं.

आई परत गेल्याला आता वर्ष होत आलं. मी बाजाराला जात नाही. खोलीत बायकोचा लॅपटॉप परत आला आहे. टोपी कधीकधी अजून येते, ट्राममध्ये, मीटिंगमध्ये, कारण नसताना. मग मी आईने सांगितलेली एकेक गोष्ट त्या चेहऱ्यावर ठेवून बघतो: काळे डोळे, भुवईची खाच, मागे गेलेला दात. बऱ्याचदा टोपी निघते. पण टोपीखालचं मला अजून बसवता येत नाही.

परवा रविवारी सकाळी मी आईला फोन केला. तिकडे दुपार होती, तिचं जेवण झालं होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "आई, बाबा भांग कुठल्या बाजूला पाडायचे?"

"भांग?" ती म्हणाली. "पाडायचे ना. रोज तर आरशासमोर..." आणि थांबली.

मी वाट बघितली. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"थांब हं," आई म्हणाली. "आत्ता आठवेल."